गावाने बोलावलेला खेळाडू

"ह्याला विचारतो."

कुणीही काहीही म्हटलं, की तो आधी उजव्या गुडघ्यावर टिचकी मारायचा आणि हे म्हणायचा. साहेब, जेवायला मांडी घालून बसता का? ह्याला विचारतो. रविवारी डोंगरावर येता का? ह्याला विचारतो. मग मान जराशी वाकडी करून गुडघा काय म्हणतोय ते ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "नाही म्हणतो." कधीमधी, "हो म्हणतो, पण हळू." ऐकणारा पहिल्यांदा हसायचा, दहाव्यांदाही हसायचा. आम्ही वर्षभर हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते, म्हणून तर लिहायला बसलोय.

तो जपानी होता. तुम्ही म्हणाल, मुळशीत जपानी कुठून टपकला? तर ऐंशीच्या आगेमागे पौडच्या अलीकडे आमचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि जपानहून मशिनं आली होती. मशिनांबरोबर हा आला. ती बसवायची, चालवायला शिकवायची आणि वर्षाने परत जायचं, असा करार होता. मी स्टोअरमध्ये कारकून. मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क होते, तेवढ्यावर मला त्याचा दुभाष्या केलं. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जुळलं. मराठी तो फिटर लोकांकडून शिकला. त्यातले निम्मे शब्द चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते, आणि ते तो मॅनेजरसमोर अगदी नम्रपणे वाकून वापरायचा.

नाव त्याचं कुणाच्या जिभेवर बसेना. सगळे त्याला जपानसाहेब म्हणत, मीही तेच म्हणायचो.

तो खेळाडू आहे हे आम्हाला कळलं ते मशिनं पुसायच्या चिंध्यांमुळे. एका फिटरने चिंध्यांचा गोळा दुसऱ्याकडे भिरकावला, तो नेमका साहेबाच्या अंगावर आला. साहेबाने वळूनही पाहिलं नाही. डावा पाय नुसता उचलला आणि गोळा पायावर थांबवला. मग तो वर उडवला, परत झेलला, परत उडवला. सगळं खातं काम सोडून बघत राहिलं. एकदम त्याच्या लक्षात आलं, तसा त्याने गोळा खाली ठेवला आणि चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा करून मशीनकडे वळला.

मग काय, त्याला सोडतो कोण. दुपारच्या सुट्टीत घेरलंच. तेव्हा कळलं ते असं: तिकडे मोठमोठ्या कंपन्यांचे फुटबॉलचे संघ असतात. हा कामगार म्हणून लागला आणि कंपनीकडून खेळता खेळता एवढा नावारूपाला आला, की परदेशातल्या एका क्लबाने त्याला पगार देऊन खेळायला नेला. दोन वर्षं तिकडे होता. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि तो परत कंपनीत मशिनांवर आला. पाकिटातून त्याने एक फोटो काढून दाखवला. मागे हजारो माणसं उभी, पुढे हा पळतोय, आणि लोकांचे हात वर गेलेले.

मेसमध्ये स्वयंपाकाला द्रौपदाआक्का होती, बौद्धवाड्यातली. नवरा गेल्यावर कामाला लागली होती. तिने फोटो बघितला आणि मला विचारलं, "खेळायचा पगार? मग काम कवा करायचा ह्यो?" मी भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. खरं तर आक्काच्या हातचं खायला आमच्यातले काही जण नाक मुरडायचे, डबा घरून आणायचे. साहेब पहिल्या दिवसापासून तिच्या समोरच बसायचा, दोनदा भात मागून घ्यायचा आणि ताट उचलताना तिला कमरेतून वाकून नमस्कार करायचा. महिन्याभरात डबेवाले मुकाट्याने मेसला जेवायला लागले. त्याने कुणाला एक शब्द सांगितला नव्हता.

भातं निघाल्यावर फुटबॉल सुरू झाला. साहेबाने सुरू केला नाही हो, आम्ही केला. माझे चुलते अण्णा, त्यांचं कारखान्यामागचं खाचर मोकळं पडलं होतं. पोरांनी धसकटं खणून काढली, जमीन चोपली, पुण्याहून चेंडू आणला आणि साहेबाला तिथे खुर्ची टाकून दिली. गुडघ्याला विचारून तो आला. खुर्चीतून उठायचा नाही. पायात चेंडू आला तर हाताने उचलून परत द्यायचा. जमिनीवर चिंचोके मांडून कुणी कुठे पळायचं ते दाखवायचा आणि एकच गोष्ट शंभरदा सांगायचा, "आधी बघ. मग मार." आमचे गडी आधी मारायचे आणि मग चेंडू कुठे गेला ते बघायचे.

पण माणसं जमायला लागली. भूगाव, नांद्यापासून सायकली मारत यायची. ताम्हिणीहून येणारी एसटी रस्त्यावर थांबायची, ड्रायव्हर खाली उतरून दोन-चार मिनिटं बघायचा आणि गाडीतला एकही माणूस तक्रार करायचा नाही. पौडच्या बाजारात साहेबाला भाजीवाल्या बोलावून बोलावून काकडी द्यायच्या. बौद्धवाडा म्हणायचा हा आपला, बुद्धाच्या देशाकडचा. आमची आळी म्हणायची, खाचर आमचं, माणूस आमचा. सहा महिन्यांपूर्वी ज्याचं नाव कुणाला घेता येत नव्हतं, त्याच्यावरून भांडणं लागायची. आणि त्याच्याशी बोलायचं तर वाट माझ्यावरून होती. मी दुभाष्या. खोटं कशाला बोलू, माझी मान तेव्हा फार ताठ झाली होती.

फेब्रुवारीतली गोष्ट असेल. आम्ही दोघं मुळा नदीच्या काठाला दगडावर बसलो होतो. मी सहज म्हटलं, तुमच्यासारखा माणूस असल्या आडरानात यायला तयार कसा झाला? तो म्हणाला, "इथे फुटबॉल नाही. म्हणून आलो."

मग त्याने सांगितलं. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, एक वर्ष पळायचं नाही, उडी नाही, चेंडूला पाय नाही. वर्ष नीट काढलं तर गुडघा पुन्हा पळायला देईल, मधेच दुखावला तर कायमचा जाईल. त्याच्या कंपनीत तरण्या पोरांचा संघ होता आणि त्यांना शिकवायची जागा याच्यासाठी राखून ठेवली होती. पण पोरांबरोबर पळून दाखवेल त्यालाच ती मिळणार होती. तिकडे राहिला असता तर मैदानाकडे गेल्याशिवाय त्याला राहवलं नसतं. म्हणून जिथे फुटबॉल नाही असा मुलूख त्याने मागून घेतला होता. "नऊ महिने झाले," तो म्हणाला. "हा चांगला वागतो." आणि गुडघ्यावर त्याने अगदी हलकेच हात फिरवला. हे त्याने एवढ्या माणसांत फक्त मला सांगितलं. कुणाला सांगू नकोस म्हणाला, लोकांना वाईट वाटेल, मैदानाकडे बोलवायचाही संकोच करतील.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आमच्या गावची जत्रा चैत्रात. कुस्त्यांचा फड लागतो, आणि फडाची छापील हँडबिलं आसपासच्या गावांत वाटतात. वर मोठ्या अक्षरात मुख्य जोड, कोण विरुद्ध कोण. एकदा हँडबिलावर नाव छापलं, की तो पैलवान आलाच पाहिजे. नाही आला तर गावाची जी शोभा होते ती पुढल्या जत्रेपर्यंत निस्तरत नाही. त्या वर्षी शेजारच्या गावाने कोल्हापूरकडचा नावाजलेला पैलवान आणला होता. आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. अण्णा यात्रा कमिटीचे अध्यक्ष. बैठकीत सगळे तोंड पाडून बसलेले. आणि माझी जीभ वळवळली. म्हटलं, "आपल्याकडं जपानसायब हाय की. लोकं त्यालाच बघाया येतील."

अण्णा म्हणाले, "खेळंल का त्यो? छापू का नाव?"

एक क्षण मला मुळेचा काठ आठवला. पण सगळी बैठक माझ्या तोंडाकडे बघत होती हो. असं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "छापा. माझ्या शब्दाबाहेर न्हाई त्यो." मनात म्हटलं, नुसता येऊन उभा राहील, फेटा बांधू, चेंडूला एकदा पाय लावेल, झालं. समोर खेळायला पुण्याच्या कॅम्पातला एक संघ ठरला.

चार दिवस आधी हँडबिल मीच त्याच्याकडे घेऊन गेलो. पिवळा कागद, त्यावर लाल अक्षरं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

"काय लिहिलं?"

"तुमचं नाव. तुम्ही खेळणार, असं."

तो कागदाकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "कोणी लिहिलं?"

आता बघा, इथे 'मी' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर त्याने मला समोर बसवलं असतं, दोन शब्द सुनावले असते आणि नाव खोडायला लावलं असतं. माझी अण्णांपुढे फजिती झाली असती, यापलीकडे काही झालं नसतं. मी म्हणालो, "गावाने."

त्याने सवयीने गुडघ्यावर हात ठेवला. मान वाकडी केली. आणि मग हात काढून घेतला.

"गाव बोलावतो," तो म्हणाला, "तर ह्याला नाही विचारत."

जत्रेच्या दिवशी दुपारी बांधांवर, झाडांवर, बैलगाड्यांवर माणूसच माणूस होतं. फेटा बांधून घेतल्यावर साहेबाने तो उतरवून माझ्या हातात दिला, गुडघ्याला पट्टा आवळला आणि मला सांगितलं, की दहाच मिनिटं, मैदानाच्या मधे, चालत. मैदानाच्या रेघेपाशी थांबून त्याने मातीला नमस्कार केला आणि आत गेला.

आणि खरंच तो चालत खेळला. कॅम्पातली पोरं बूट घालून वाऱ्यासारखी पळत होती आणि हा मधे उभा राहून डाव्या पायाने चेंडू असा सरकवायचा, की आमचे अनवाणी फिटर एकदम खेळाडू वाटायला लागले. तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दहा मिनिटं झाली तसा तो माझ्या बाजूच्या रेघेपाशी आला. घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. लोक एकदम ओरडायला लागले. निम्मे ओरडत होते, गोल, गोल झाल्याबिगर जाऊ नगा. बायकांच्या बाजूने द्रौपदाआक्का हात वर करून ओरडत होती, "बसवा त्याला, दुखतंय त्याचं. दिसंना का तुमाला?" तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी तेच म्हणत होत्या.

साहेबाने मला विचारलं, लोक काय म्हणतात?

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. मी अर्धंच भाषांतर केलं. म्हटलं, "आणखी खेळा म्हणतात." तो मागे वळला.

गोल झाला. साहेबाने मान वर करून आधी बघितलं, आणि दोघांच्या मधून चेंडू आमच्या लेथवरच्या गड्याला दिला. त्याने डोळे मिटून मारला असेल, पण चेंडू आत गेला. आणि पुढे जे झालं ते आमच्याच मुलखात होऊ शकतं. कुस्ती चितपट झाली, की जिंकलेल्या पैलवानाला मांड्यांखाली हात घालून उचलतात आणि खांद्यावर बसवून फडाला फेरी मारतात. आमच्या लोकांना वाटलं, गोल झाला, म्हणजे कुस्ती झाली. खेळ अजून चालू आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. बांधांवरून माणसं धावली. हलगी वाजायला लागली, गुलाल उडाला. चार दांडग्या गड्यांनी त्याला उचलला. दोघांनी डावा पाय धरला आणि दोघांनी उजवा. उजव्यावाल्यांनी एकीकडे ओढलं, डाव्यावाल्यांनी दुसरीकडे, आणि साहेब ओरडला.

त्याच्या भाषेत ओरडला. लोकांना वाटलं आनंदाने ओरडतोय, त्यांनी त्याला आणखी उंच केला. आख्ख्या फेरीभर तो ओरडत होता आणि लोक त्याच्यावर गुलाल टाकत होते. मी धावलो, लोकांच्या पाठीत बुक्क्या मारल्या. मला वाट मिळेपर्यंत फेरी संपली होती.

पुण्याच्या इस्पितळात दीड महिना काढला त्याने. चालेल, काठी घेऊन चालेल, पण पळायचं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. ते त्याला समजावून सांगायचं कामही माझंच होतं. तेवढं भाषांतर मात्र मी पुरतं केलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, चहा घेतोस का. आठवड्याभराने त्याच्या कंपनीचं पत्र आलं. पोरांना शिकवायची जागा दुसऱ्याला दिली होती. त्याला तिकडे पार्टांच्या गोदामात घेणार होते. "तुझ्यासारखं," तो म्हणाला. "स्टोअर." आणि हसला, माझ्यावर उपकार केल्यासारखं नव्हे, खरंच हसला.

निघायच्या आदल्या दिवशी मी खोलीवर त्याचं सामान बांधत होतो. त्याने वही पुढे केली. म्हणाला, मला खेळायला बोलवा असं गावात ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांची नावं लिहून दे, इंग्रजी अक्षरांत, पत्त्यासकट. तिकडे खेळणं संपलं तेव्हा कुणी विचारायलाही आलं नव्हतं. इथे एका गावाने नाव छापून बोलावलं. त्यांचे आभार मानायला हवेत.

अहो, तेव्हा तरी बोलायचं. वही माझ्या मांडीवर, तो समोर, खोलीत तिसरं कुणी नाही. मी तोंड उघडलं. त्याने मान पुढे केली, मला काही सांगायचंय असं त्याला वाटलं. आणि मी खाली बघून लिहायला लागलो. अण्णांचं नाव लिहिलं. कमिटीवाल्यांची लिहिली. यादी फार आखूड दिसायला लागली म्हणून फिटरांची लिहिली, एसटीच्या ड्रायव्हरचं लिहिलं, द्रौपदाआक्काचंसुद्धा लिहिलं. बावीस नावं झाली. माझं लिहिलं नाही. ते लिहायला हात धजला नाही, किंवा त्या यादीत मी लपून राहू शकत नव्हतो, काय ते मला अजून कळलेलं नाही. त्याने वही घेतली, नावं एकेक करून वाचायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक नावापाशी मान हलवली.

जानेवारीत पोस्टमनच्या थैलीतून बावीस कार्डं निघाली. नव्या वर्षाची, वर बर्फाच्या डोंगराचं चित्र. प्रत्येकावर इंग्रजीत हाताने लिहिलेला तोच मजकूर. वाचून घ्यायला सगळे माझ्याकडेच आले, दुसरीकडे जाणार कुठे. मी बावीस वेळा वाचून दाखवलं: तुम्ही मला खेळायला बोलावलंत. मी आनंदी आहे. तुमचा आभारी आहे.

ऐकून लोकांचे डोळे पाणावले. अण्णांनी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. गंमत अशी, की हळूहळू प्रत्येकाला आपण साहेबाला बोलावल्याचं आठवायलाही लागलं. म्याच कमिटीला म्हटलं व्हतं, असं सांगणारे पौडच्या बाजारात डझनभर सापडले असते. पुढची तीन वर्षं कार्डं येत राहिली. चौथ्या वर्षी आली नाहीत, त्यानंतर कधीच नाहीत. मी दोन पत्रं टाकली, खरं काय ते लिहून. उत्तर आलं नाही. ती पोचली की नाही, हेही मला माहीत नाही.

पहिल्या वर्षी सगळ्यांत शेवटी द्रौपदाआक्का आली होती. मेसची भांडी आवरून, हात पदराला पुसत. मी तिचंही कार्ड वाचून दाखवलं.

"म्या कवा बोलावलं रं?" ती म्हणाली. "म्या तर बसवा म्हनत व्हते त्याला."

तिने कार्ड परत घेतलं, उलटसुलट करून डोंगर बघितला. मग माझ्या टेबलावर नजर टाकली. टेबलावर काहीच नव्हतं.

"तुला न्हाई आलं?"

"न्हाई."

"वर्सभर त्याच्या मागंमागं तूच व्हतास. त्याचं बोलनं तुलाच कळायचं." तिला माझी खरंच दया आली होती. "घाईत ऱ्हायलं असंल. मनाला लावून घेऊ नगंस." आणि तिने आपलं कार्ड माझ्यापुढे केलं. "घे. माजं तू ठेव."

मी ते घेतलं.